बोउ पुरीला गेली नाही

१७ ऑक्टोबर

हसायचं नाही. खोकायचं नाही. शिंक आली तर आधी पोटावर उशी दाबून धरायची आणि मग शिंकायचं — शिंक काय विचारून येते? वाकायचं नाही, उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, शिलाई मशीनला पाय लावायचा नाही. डॉक्टरबाईंनी एवढे 'नाही' ऐकवले की मी विचारलं, श्वास घेतला तर चालेल ना? त्या हसल्या. मला हसता आलं नाही, टाके ओढले.

कटकहून गाडी करून घरी आणलं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा पोटात शिरून गेला. हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसून दर खड्ड्याला मागे वळून माझ्याकडे बघायचे, जसा काही तो यांनीच खणलाय.

दारात बोउ. सासूला आमच्याकडे सासू म्हणत नाहीत, बोउच म्हणतात — म्हणजे आई. म्हणायला काय जातं! तिने पाणी ओवाळून टाकलं, दंडाला धरून आत नेलं, माझे पाय स्वतः उचलून खाटेवर ठेवले.  मागच्या खोलीतून बापांचा, म्हणजे सासऱ्यांचा आवाज — "आली का? मग आता चहा होईल ना?"

गावात सगळे म्हणतायत, पिशवी काढली. बाजारातून येताना कापडी पिशवी कुठेतरी विसरून आल्यासारखं.

१८ ऑक्टोबर

पोट साफ झालं! कोणाला सांगू? बोउलाच सांगितलं, दाराबाहेर तीच उभी होती. तिने तिथूनच तुळशीकडे बघून हात जोडले.

२१ ऑक्टोबर

दुर्गापूजेचे ढोल वाजतायत. बायका नव्या साड्या नेसून मंडपाकडे जाता जाता माझ्या खोलीत डोकावतात. त्यातल्या निम्म्यांची ब्लाउजं मीच शिवलीत. एकीचा खांदा घसरत होता, मला पडल्या पडल्या दिसत होता, पण हात लावता येत नव्हता. जीव नुसता वरखाली झाला.

शेजारची कुनीची बोउ तासभर बसली. "सुटलीस बाई," म्हणाली. "तीन वर्षं रक्त जात होतं, तोंड बघ कसं पांढरंफटक झालंय. आता झंझट नाही, कपडे नाहीत, काही नाही. सुंठीवाचून खोकला गेला!" सुंठीवाचून? नाभीपासून खाली फाडलंय मला!

आणि जाताना — "येते हं नूआ बोहू."

नूआ बोहू म्हणजे नवी सून. लग्नाला एकोणीस वर्षं झाली! गावात बाईला नाव नसतं. आधी नवी सून, मग पोर झालं की त्या पोराची आई. कुनीची बोउ, लिपूची बोउ, टिकिनाची बोउ. मला पोर झालं नाही, म्हणून मी एक्केचाळिसाव्या वर्षीही नवीच. आता कायमची नवी. झुनुलता हे माझं नाव फक्त रेशनकार्डावर आहे, आणि परवा हॉस्पिटलच्या मनगटपट्टीवर होतं.

२४ ऑक्टोबर

काही कारण नसताना रडले. ताटात बटाटा होता, बटाट्याकडे बघून रडले. हे घाबरले — "दुखतंय का? डॉक्टरना फोन लावू?" दुखत नाही हो. म्हणजे दुखतंय, पण ते नाही.

हॉस्पिटलात यांना बोलावून ट्रेमध्ये दाखवलं होतं म्हणे, काढलेलं सगळं. मी बेशुद्ध. काय होतं, कसं होतं, विचारलं तर हे म्हणतात, "गाठी होत्या, मोठ्या." पुढे बोलतच नाहीत. माझीच वस्तू, जन्मभर पोटात वागवली, आणि ती बघितली कोणी तर पोस्टातल्या कारकुनाने!

२८ ऑक्टोबर

आज कुमार पुनेई, आश्विनातली पौर्णिमा. अंगणाअंगणात मुली चंद्राला खिरीची ओंजळ दाखवतायत, फुगड्या घालतायत. मी खिडकीशी. आणि आज जे ऐकलं ते इथे लिहून टाकते, नाहीतर पोटातले टाके आतूनच उसवतील.

उद्यापासून कार्तिक — आमच्याकडे महिना पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत. दरवर्षी दसरा झाला की बोउ आपली पत्र्याची पेटी खाली काढते. महिनाभर पुरी, जगन्नाथापाशी. हबिष म्हणजे कार्तिकाचं व्रत. पहाटे अंघोळ, दिवसातून एकदा जेवण — सुरय तांदूळ, मुगाची डाळ, कच्ची केळी, अळकुड्या. हळद नाही, तेल नाही. गावातल्या आठ-दहा म्हाताऱ्या मिळून जातात, एका मठात राहतात. माझ्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बोउने हे धरलं. कशासाठी, ते कोणाला सांगावं लागलं नाही. सुनेची कूस उजवावी म्हणून.

दर कार्तिकात म्हातारी माझ्यासाठी उपाशी राहते. गावातला प्रत्येक माणूस मला बघितलं की म्हणणार, "अहाहा, सासू असावी तर अशी!" म्हणजे काय, तर सून नसावी अशी. त्या महिन्यात मला घास उतरायचा नाही. ती परत यायची तेव्हा उन्हाने काळी झालेली, आवाज बसलेला — आणि गाल मात्र वर आलेले. महाप्रभूंची कृपा, म्हणायची.

यंदा पेटी खाली आली नाही.

आज तारा माउसी विचारायला आली. ती या हबिष्याळी बायकांची म्होरकी. "सत्यभामा, अजून बांधाबांध नाही? पहाटेची गाडी आहे." बोउ म्हणाली, "मी येत नाही." तारा माउसी म्हणे, "असं कसं? तुझ्याशिवाय रांगोळी कोण काढील?"  तेवढ्यात कुनीची बोउ — ती कुठे नसते? — कुजबुजली, पण तिची कुजबुज तळ्यापर्यंत जाते — "माउसी, समजून घ्या. आता मागायचं काय राहिलं? जागाच नाही राहिली द्यायला."

मी दाराआड होते. वाटलं बोउ काहीतरी बोलेल. एक शब्द. "गप गं" तरी. बोलली नाही! "चहा घेणार का?" एवढंच विचारलं.

२९ ऑक्टोबर

गाडी गेली. बोउ भल्या पहाटे तळ्यावर अंघोळ करून आली आणि तुळशीपुढे एकटीच बसली. आमचा दोघींचा निकाल लागला म्हणायचा.

३१ ऑक्टोबर

कपाटात पॅडची चार पाकिटं उरलेली. कुनीला हाक मारून देऊन टाकली. पोरगी लाजून ओढणीखाली घालून पळाली.

आज माझी तारीख. कंबर तशीच भरून आली, पाय तसेच दुखले, चिडचिडही तशीच. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, अंडाशय ठेवलेत, त्यांना कळायला वेळ लागतो. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. दर महिन्याला बिचारे तयारी करणार. हे आठवून दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता, या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझारा, एक हात पोटावर.

२ नोव्हेंबर

बोउ घरीच हबिष करतेय. तेच — एकवेळ, बिनहळदीचं. मग मला प्रश्न पडतो, मागायचं नाही तर उपाशी कशाला राहते? सवय म्हणून? का मला दाखवायला की बघ, तुझ्या नावाचं पाणी सोडलं तरी मी देवाचं करतेच?

बापा मात्र खूश. एरवी कार्तिकभर यांच्या आणि माझ्या हातचा चहा पिऊन तोंड वाकडं करतात. यंदा घरची लक्ष्मी घरात. "सत्यभामा, चहा." "सत्यभामा, चष्मा." "सत्यभामा, हा कोण आलाय बघ." डोंगराएवढा माणूस, मास्तर म्हणून निवृत्त झाला, पण खुंटीवरची छत्री काढायलाही बायको लागते.

५ नोव्हेंबर

आज जे झालं ते आठवून अजून पोट दुखतंय. (उशी धरून हसले.)

डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, रक्त कमी आहे, अंडं-मासा काहीतरी पोटात जाऊ दे. कार्तिकात! हबिषाच्या घरात! मी म्हटलं राहू दे. बोउने ऐकलं आणि यांना म्हणाली, "बाजारातून मागुर घेऊन ये. जिवंत. दोन." मागुर म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याचा मासा, बाळंतिणीला देतात, रक्त भरतं.

मागच्या पडवीत विटा मांडून वेगळी चूल. हे स्वयंपाकी. बोउ लांब तुळशीपाशी, पदर नाकाला, आणि तिथून फर्मानं — "आधी राख चोळ! राख! नाहीतर निसटेल!" निसटलाच. मागुर अंगणभर, हे त्याच्या मागे दोन हात पसरून, बापा ओट्यावरून — "हबिषाच्या घरात मासा नाचतोय! धर्म बुडाला!"

"धर्माला पोहता येतं," बोउ म्हणाली. "तुम्ही पाय वर घ्या, काटा मारेल."

कच्ची पपई आणि मिरे घातलेला रस्सा झाला. मीठ जास्त, पपई अर्धवट शिजलेली. मी दोन वाट्या प्यायले. बोउने पुन्हा तळ्यावर जाऊन डोक्यावरून अंघोळ केली, केस ओले तसेच, आणि मग कुठे तिच्या एकवेळच्या जेवणाला बसली. उन्हं उतरली होती.

इतकी वर्षं पुरीला जाताना बजावून जायची, कार्तिकात घरात कांदासुद्धा चिरायचा नाही. आता मासा चालतो. नवस सुटला की सोवळंही सुटतं, एवढाच त्याचा अर्थ.

८ नोव्हेंबर

मूर्खपणा केला.

लिपूच्या बोउचं दिवाळीचं ब्लाउज अडलेलं. म्हटलं नुसत्या बाह्या जोडू, त्याला काय लागतं. मशीन भिंतीला लावून ठेवलेली, ती ओढली. पोटात काहीतरी कचकन झालं. बसले तशीच, दोन बाह्या जोडल्या, हट्टाने. उठले तर कपड्यावर लाल ठिपका.

तो ठिपका बघून भीती वाटली की आनंद झाला, तेच कळेना. क्षणभर वाटलं — आहे! अजून आहे! मग खाटेची कड धरली.

डॉक्टरबाई फोनवर ओरडल्या. बोउ त्यांच्याहून. "मरायचंय का तुला? जीव वर आलाय का?"

"मेले तर कोणाचं काय अडणार आहे?" मी बोलून गेले. तोंडाला लगाम नाही.

"माझं अडेल," म्हणाली आणि माझ्या पायांखाली उशा सरकवून निघून गेली.

तिचं काय अडणार? पडल्या पडल्या तोच विचार. लिपूची बोउ ब्लाउज तसंच घेऊन गेली, हूक न लावता.

९ नोव्हेंबर

पडून आहे. छताला अकरा वासे. बारावा का नाही, देव जाणे.

१२ नोव्हेंबर

दिवाळी. तिन्हीसांजेला अंगणात सगळे जमले. तागाच्या काटक्या पेटवून आकाशाकडे धरायच्या आणि पूर्वजांना हाक मारायची — थोरामोठ्यांनो, अंधारात या, उजेडात परत जा. बापा हाक मारतात, त्यांच्यामागून हे. मला ओट्यावर खुर्ची दिली होती.

शेजारच्या अंगणात लिपू, टिकिना, कुनी — पोरांचा नुसता कालवा. काटक्या एकमेकांच्या केसांना लागतील की काय, आयांच्या किंकाळ्या. आमच्या अंगणात दोन पुरुष. बापांची काटकी विझली, यांनी आपल्या काटकीने पेटवून दिली.

उद्या बापा वर जातील, तेव्हा हे हाक मारतील. यांना कोण हाक मारणार? मला? आम्ही दोघं अंधारात येऊन अंगणाबाहेर उभे राहणार आणि आत कोणीच काटकी धरलेली नसणार.

खूप रडले. आज बटाट्याकडे बघून नव्हे. मला मूल हवं होतं. एकोणीस वर्षं हवं होतं, दर महिन्याला हवं होतं, गाठी निघाल्या तेव्हाही वाटायचं की गाठी काढतील आणि मग होईल. आता ते संपलं. कोणी मेलं नाही, म्हणून कोणी सुतक पाळलं नाही.

हे येऊन शेजारी बसले. हाताला तागाचा धुराटलेला वास. "ते मी बघितलं ना, ट्रेमध्ये," म्हणाले, "तेव्हा मी नमस्कार केला होता." एवढंच. मी यांचा हात सोडला नाही.

१५ नोव्हेंबर

जखम भरली. खाज! खाज म्हणजे काय विचारू नये. पोटपट्टा काढून ठेवला की वाटतं पोट घरंगळून पडेल, घातला की वाटतं काढून फेकावा.

बोउ बिघडलीय. आज डाळ करपली तिची. जन्मात करपली नव्हती. सारखी रस्त्याकडे बघत असते. तारा माउसीचा पुरीहून फोन आला, तर कानाला लावून नुसतं "हं... हं... खरंच? पडली? मग?" आणि पदर तोंडात कोंबला. मला बघितल्यावर फोन ठेवून दिला.

बापांनी हाक मारली, "सत्यभामा, चहा!" — ही आतून म्हणाली, "आत्ताच तर दिला, पोट आहे की विहीर?"  या घरात येऊन इतकी वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

चिडलीय ती. माझ्यावरच. बापांच्या नावाने मला.

२२ नोव्हेंबर

उद्यापासून पंचुक. कार्तिकाचे शेवटचे पाच दिवस, बगळासुद्धा मासा खात नाही म्हणतात. मी ठरवलं, एकदा तोंडावर बोलायचं.

सगळे बसलेले असताना म्हटलं, "बोउ, पाच दिवस तरी पुरीला जाऊन या. मी आता बरी आहे. मागायला काही नसलं तरी दर्शन होईल."

माझ्या मते शेवटचं वाक्य बाणासारखं लागायला हवं होतं. बोउने मान वर केली. डोळे असे चमकले की मीच गडबडले.

पण बापांनी तोंड घातलं. "आता कशाला? ज्याच्यासाठी जायची ते कारणच राहिलं नाही. इतकी वर्षं मी म्हटलं, जा, घराण्याचा प्रश्न आहे, मी माझे हाल सोसतो. आता घरी तुळस आहे, देव्हारा आहे. म्हाताऱ्या बाईने उगाच वणवण कशाला करायची? यंदा काय, यापुढे घरीच."

बोउचे डोळे विझले. तिने बापांचा कप उचलला आणि आत गेली. कपात अजून चहा होता.

बाणबिण काही लागला नाही. मला भलतंच काहीतरी दिसलं, आणि काय दिसलं ते कळत नाहीये.

२४ नोव्हेंबर

 क्रमाने लिहिते.

आज तपासणीला कटकला गेले. यांना रजा नाही, बोउ बरोबर. डॉक्टरबाई म्हणाल्या, छान भरलंय, हळूहळू कामाला लागा, जड मात्र अजून नको. बाहेर आलो, बस स्टँडवर आमची गाडी लागायची होती. शेजारी पुरीची उभी. कंडक्टर दाराला लटकून — पुरी पुरी पुरी पुरी! आत खिडक्याखिडक्यांत म्हाताऱ्या, गळ्यात तुळशीच्या माळा, कोणी खिडकीतून हात काढून केळ्यांचा भाव करतेय, कोणी खिदळतेय.

मी पुढे चालत गेले. मागे बघते तर बोउ नाही. ती त्या गाडीपाशीच. जत्रेत पाळण्यापुढे उभ्या राहिलेल्या पोरीचा चेहरा असतो तसा.

माझं डोकं फिरलं. परत जाऊन म्हटलं, "काय मागायचं राहिलंय तुमचं? इतकी वर्षं मागितलंत, मिळालं नाही. आता मिळणारही नाही. मला माहीत आहे तुम्ही का गेला नाहीत ते. कुनीची बोउ म्हणाली ते ऐकलंय मी. माझ्यात आता जागाच नाही, मग माझ्यासाठी कोण उपाशी राहील?"

भर स्टँडवर, लोकांसमोर. बोउने गाडीवरची नजर माझ्याकडे वळवली.

"कोण मागत होतं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पहिली तीन-चार वर्षं मागितलं. खरं सांगते, डोकं आपटून मागितलं. मग एका वर्षी त्याच्यापुढे उभी राहिले आणि काय मागायला आलेय तेच आठवेना. वाटेत ताराबरोबर इतकी हसून आले होते." आणि मग तिला थांबवता येईना. पहाटे समुद्रावर अंघोळ, तारा लाटेत दर वेळी पडते, तिला पदराला धरून ओढायची. मग रांगोळ्या. मग देऊळ. मग चूल — "एकदाच गं! दिवसातून एकदाच चूल! आणि ती पण पाळीने. माझी पाळी आठवड्यातून एकदा." संध्याकाळी पुराण, त्यात निम्म्या घोरतात, उरलेल्या आपापल्या सुनांच्या चहाड्या सांगतात. "तुझ्याही सांगितल्यात," म्हणाली. "आणि महिनाभर कोणी चहा म्हणून हाक मारत नाही. सकाळी जाग येते आणि कोणाला काही नको असतं."

"मग माझं नाव कशाला?" माझा आवाज चिरकला. "सगळ्या गावात माझ्या कुशीच्या नावाने —"

"दुसरं कोणतं कारण होतं माझ्याकडे? बापांना विचारायचं, मला महिनाभर समुद्रात डुंबायचंय, जाऊ? बिनकारणाची बाई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू शकते का? तू एवढंच एक कारण दिलंस मला." मग माझ्याकडे न बघता — "तुला लागत असेल, हे कळत होतं. तरी गेले. दर वर्षी गेले."

पुरीची गाडी सुरू झाली. धूर आमच्या तोंडावर.

"मग यंदा?" मी विचारलं. "यंदा तर अजून बापांनी नाही म्हटलं नव्हतं. तारा माउसी न्यायला आली होती."

बोउला राग आला. खरोखरचा. "वेडी आहेस का? तुला संडासला कोण नेणार होतं? तो? मागुर पकडता येत नाही त्याला!"

२५ नोव्हेंबर

राग आला आहे. हो, आहे! माझ्या कुशीची चिठ्ठी दाखवून ती महिना महिना समुद्रात डुंबत होती आणि मी इथे घास चघळत बसायचे, की म्हातारी माझ्यापायी उपाशी आहे. कुनीच्या बोउसमोर मान खाली घालायची. एकदा सांगितलं असतं तर? एकदाच? मी काय बापांकडे चुगली करणार होते?

कदाचित केली असती. त्या वर्षांत केली असती.

दुपारी लिपूच्या बोउने परत आणून दिलेल्या ब्लाउजला हूक लावले, हाताने. दहा वेळा उसवले.

आणि यंदा तिने तो महिना दिला. माझा पोटपट्टा धुतला, दाराबाहेर उभी राहिली, आपल्या पोराला मासा रांधायला शिकवला, दोन दोनदा अंघोळी केल्या. मी तिला काय काय म्हटलं मनात! राग धरून ठेवायला जाते आणि धरला जात नाही. नाही धरला जात, पण गेलाही नाही.

२७ नोव्हेंबर

कार्तिक पुनेई. पहाटे तळ्यावर केळीच्या सोपाच्या होड्या सोडल्या, आत दिवा, विडा. मी पायऱ्यांवर उभी राहिले, बोउने माझा दंड धरला होता. मला आता धरायची गरज नाही. मी सोडवला नाही.

परतताना बापा म्हणाले, "बघ, घरीच किती छान झाला कार्तिक. पुढल्या वर्षी असाच." बोउ हो म्हणाली. आवाजच नव्हता त्या हो ला.

२८ नोव्हेंबर

छाडखाई, कार्तिकाचं व्रत सुटण्याचा दिवस. महिन्याने गावभर माशाचा वास. बापा रोहूचं डोकं चोखत होते, तोंड भरलेलं. तेवढ्यात मी म्हटलं, "बापा, ऑपरेशनच्या टेबलावर मी नवस बोललेय. जगून उठले तर बोउ बारा कार्तिक पुरीला हबिष करील. मलाही सोबत जावं लागेल, नवस माझा आहे ना." त्यांनी काटा काढला, माझ्याकडे बघितलं, बोउकडे बघितलं. "महाप्रभूंचं नाव घेतलं होतंस?" म्हटलं, "तीनदा." ते पुन्हा डोक्याकडे वळले. "मग काय. फेडायलाच हवा."

मी ताटं उचलून आत गेले. बोउ पाठमोरी, भांडी विसळत. वळलीच नाही.

"बाराच कशाला म्हणालीस?" ती म्हणाली. "तेराव्या वर्षी मी काय करू?"